दोन जुनी यंत्रं: हलकं लिनक्स कोणतं टाकू?

उंबरठा (धागाकर्ता)

कपाटातून दोन यंत्रं बाहेर काढली आहेत. एक लॅपटॉप: कोअर टू ड्युओ, ३ जीबी रॅम, २५० जीबीची फिरती हार्ड डिस्क. दुसरं नेटबुक: अ‍ॅटम एन२७०, १ जीबी रॅम, दहा इंची पडदा. दोन्ही सुरू होतात. लॅपटॉपवर विंडोज १० कसंबसं चालायचं, पण १४ ऑक्टोबर २०२५ नंतर त्याचे नेहमीचे अपडेट थांबले आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, म्हणजे तो रस्ता बंद.

लॅपटॉप आईला द्यायचा आहे. तिला बातम्या वाचायच्या असतात, मराठीत मेल लिहायची असते आणि आठवड्यातून दोनदा माझ्याशी व्हिडिओवर बोलायचं असतं. तिला टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडावं लागू नये ही माझी पहिली अट. नेटबुक मला लिहायला हवंय, त्याचा कीबोर्ड हाताला फार बसलेला आहे.

चार दिवस याद्या वाचतोय. पपी, अँटीएक्स, लुबुंटू, बोधी, क्यू४ओएस, टायनी कोअर... प्रत्येकाचं म्हणणं एकच, की आमचं सगळ्यात हलकं. कशावरून ठरवायचं हेच कळेनासं झालंय. ज्यांनी जुन्या यंत्रावर रोजचं काम केलंय त्यांनी कृपया सांगा.

कळफलक

नावं बाजूला ठेवा, आधी प्रोसेसर ३२-बिट आहे की ६४-बिट ते बघा. कुठलंही लाइव्ह लिनक्स (डिस्कवर न टाकता चालणारं) पेनड्राइव्हवरून चालू करा, टर्मिनलमध्ये एलएससीपीयू (lscpu) लिहून एंटर मारा. वरच्या दोन ओळींतच उत्तर मिळतं.

तुमचा कोअर टू ड्युओ ६४-बिट आहे, त्याला भरपूर पर्याय आहेत. एन२७० मात्र निव्वळ ३२-बिट आहे आणि त्याच्यासाठी दारं एकेक करून बंद होत चाललीत. उबुंटू कुळातल्या लुबुंटू आणि झुबुंटूची ३२-बिट प्रत १८.१० नंतर आली नाही. मिंटच्या मुख्य आवृत्तीने २०२० मध्ये विसाव्या आवृत्तीपासून ३२-बिट सोडलं. डेबियनने ऑगस्ट २०२५ मध्ये १३ वी आवृत्ती काढली, तिच्यात ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही (सिस्टमचा गाभा) नाही. जुन्या याद्यांमध्ये ही नावं अजून '३२-बिट चालतं' म्हणून फिरतात, त्यामुळे यादी कधीची आहे ते आधी बघत जा.

शून्य_एक

दोन्हीवर अँटीएक्स टाका आणि मोकळे व्हा. आइसडब्ल्यूएम डेस्कटॉप, सिस्टमडी (बहुतेक लिनक्समधली मागच्या सेवा चालवणारी यंत्रणा) नाही, सुरू झाल्यावर २०० एमबीच्या आसपास रॅम. अँटीएक्स २३ डेबियन १२ वर आहे आणि ३२-बिट प्रत मिळते. माझ्याकडे एका पेंटियम एमवर चालू आहे.  

पानगळ

नेटबुकसाठी वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. आईच्या लॅपटॉपसाठी अजिबात नाही. कारण सविस्तर लिहिते, कारण मी हीच चूक माझ्या वडिलांच्या यंत्रावर केली होती.

आपण सगळे यंत्र सुरू झाल्याक्षणी किती रॅम लागते तो आकडा बघतो. तो आकडा रिकाम्या घराचा आहे. घरात माणसं आल्यावर काय होतं ते बघायला हवं, आणि इथे ते माणूस म्हणजे ब्राउझर. आइसडब्ल्यूएम २०० एमबी घेतो, एक्सएफसीई हा जरा भरलेला डेस्कटॉप पाचसहाशे एमबी घेतो. फरक तीनचारशेचा. आता ब्राउझर उघडा, त्यात मेल, एक बातम्यांचं पान आणि एक व्हिडिओ लावा. एवढ्यात सहज दीड जीबी जाते, मग खाली कुठलंही लिनक्स असो. मेलचं पान अँटीएक्सवरही तेवढंच जड आणि मिंटवरही तेवढंच जड.

म्हणजे १ जीबीच्या यंत्रावर त्या चारशे एमबीला सोन्याचं मोल आहे, ३-४ जीबीच्या यंत्रावर नाही. वडिलांना मी सगळ्यात हलकं म्हणून अगदी मोजका डेस्कटॉप लावून दिला. वेग छान होता. पण पेनड्राइव्ह लावला की खिडकी आपोआप उघडायची नाही, प्रिंटर जोडायला वेगळंच काहीतरी शोधावं लागायचं, आवाज कमीजास्त करायचं चिन्ह कधी दिसायचं कधी नाही. दर दोन दिवसांनी फोन. शेवटी त्यांनी यंत्र वापरणंच सोडलं आणि मला त्याचं खरोखर वाईट वाटलं, कारण यंत्र उत्तम चालत होतं.

मग मी त्यावर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकली. मिंटची किमान गरज २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा, आरामात चालायला ४ जीबी. अपडेट आले की खालच्या पट्टीत एक चिन्ह दिसतं, त्यावर टिचकी मारून पासवर्ड दिला की झालं. टाइमशिफ्ट नावाचं साधन सोबतच येतं, ते सिस्टमची जुनी स्थिती जपून ठेवतं. एखादं अपडेट बिघडलं तर मागे जाता येतं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. आईसाठी मी डोळे मिटून हेच सांगेन.

उंबरठा

पानगळ, खूप आभार. फोनवर बसून अडचणी सोडवण्याची वेळ माझ्यावरही येणारच आहे, तेव्हा तुमचा मुद्दा मनाला पटला. पण ३ जीबीत आणि त्या फिरत्या डिस्कवर मिंट रडणार नाही ना?

कळफलक

त्या डिस्कवर रडेल. तीच बदला.

५४०० आरपीएमची डिस्क विखुरलेल्या लहान फाइली वाचताना सेकंदाला साधारण शंभरेक वेळाच इकडून तिकडे जाऊ शकते. ब्राउझर उघडताना नेमक्या अशाच हजारो लहान फाइली लागतात. साधा साटा जोडणीचा एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, हेच काम सेकंदाला हजारो वेळा करतो. तुमच्या लॅपटॉपचा साटा जुन्या पिढीचा, म्हणजे कमी वेगाचा असेल, तरी काही बिघडत नाही. फायदा मिळतो तो डोकं हलवायचा वेळ वाचल्यामुळे. खालचं झाकण उघडा, दोनचार स्क्रू, अडीच इंची डिस्क बाहेर ओढा, एसएसडी आत ढकला. जुनी डिस्क यूएसबी डबीत घाला म्हणजे जुने फोटो हाताशी राहतील.

रॅमचं जरा बघून करा. १ जीबीची कांडी काढून २ जीबीची लावलीत तर ४ जीबी होईल, पण चिपसेट इंटेल ९४५ असेल तर त्याला सव्वातीन जीबीच्या आसपासच दिसते. तसं असेल तर आहे ते ३ जीबी ठेवा आणि झेडरॅम चालू करा. झेडरॅम म्हणजे रॅमच्याच एका भागात मजकूर दाबून ठेवायचा. मजकूर बहुतेक वेळा निम्म्याहून कमी जागेत मावतो आणि डिस्कवर स्वॅप करण्यापेक्षा, म्हणजे रॅम भरली की डिस्क वापरण्यापेक्षा, हे कितीतरी वेगात होतं. प्रोसेसरला थोडं काम वाढतं, ते चालतं.

झाकण उघडलंच आहे तर पंख्याच्या जाळीतली धूळही काढा. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो आणि आपण दोष सॉफ्टवेअरला देतो.

अर्धविराम

पपीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. २००३ पासून चालू आहे आणि अख्खं रॅममध्ये चढतं. डिस्क मेलेल्या यंत्रावर मी पेनड्राइव्हवरून दोन वर्षं काढलीत. काम संपलं की सगळं एका सेव्हफाइलमध्ये जातं, पेनड्राइव्ह खिशात टाकायचा आणि निघायचं. बुकवर्मपपची ३२-बिट प्रतही आहे. वेग बघून माणूस चकित होतो.

पानगळ

पपी मलाही आवडतं, बुडालेल्या यंत्रातून फाइली काढायला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण त्यात तुम्ही मुळातच रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार घेऊन, काम करता. आईच्या बँकेचं आणि मेलचं यंत्र तसं नको.

अर्धविराम

हो, आईसाठी नको हे मान्य. नेटबुकसाठी सुचवत होतो.

शून्य_एक

लाल टोपीवाल्या, म्हणजे रेड हॅटच्या, कुटुंबातलं काही टाकायच्या फंदात पडू नका. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ पासून त्याला किमान एक्स८६-६४-व्ही२ पातळीचा प्रोसेसर लागतो, ओपनसुसे लीप १६ लाही तेच. व्ही२ ला प्रोसेसरच्या ज्या एसएसई४.२ आणि पॉपसीएनटी सूचना लागतात त्या कुठल्याच कोअर टू ड्युओमध्ये नसतात. ६४-बिट असूनही सुरू होत नाही म्हणून लोक डोकं धरून बसतात. डेबियन आणि उबुंटूवर आधारलेल्यांना ही अट नाही.

उंबरठा

तीन दिवसांनी लिहितोय. काय काय झालं ते क्रमाने सांगतो, पुढे कोणाला उपयोग होईल.

लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरूच होईना. बायोसमधल्या (यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगमधल्या) बूट क्रमात यूएसबी नावाचं काही दिसत नव्हतं. तासाभराने कळलं, की या जुन्या बायोसमध्ये पेनड्राइव्ह हार्ड डिस्कच्या यादीत आत लपलेला असतो. हार्ड डिस्कवर एंटर मारलं की आत दोन नावं दिसतात, त्यातलं पेनड्राइव्हचं नाव वर सरकवायचं.

मग लाइव्ह मिंट आलं, वाय-फाय जोडलं, फायरफॉक्स उघडला आणि प्रत्येक पानावर तोच इशारा: जोडणी सुरक्षित नाही. बातम्या, मेल, शोध, सगळीकडे तेच. मी वाय-फाय बदललं, ब्राउझर बदलला, मिंटची प्रत पुन्हा उतरवली. अर्धा दिवस गेला. मग उजव्या कोपऱ्यात घड्याळाकडे लक्ष गेलं: १ जानेवारी २००७. मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली होती. यंत्राच्या दृष्टीने सगळ्या संकेतस्थळांची प्रमाणपत्रं अजून लागूच झालेली नव्हती, म्हणून ते सगळ्यांना नाकारत होतं. तारीख हाताने बरोबर केली आणि एका क्षणात सगळं उघडलं.

ती बॅटरी नेहमीची गोल सीआर२०३२ आहे, पण पीसीसारखी खाचेत बसवलेली नाही. प्लॅस्टिकच्या वेष्टनात गुंडाळलेली, दोन बारीक वायरी आणि टोकाला इवलासा पांढरा जोड. रॅमच्या झाकणाखालीच होती. तशीच वायरवाली आणून लावली.

एसएसडीही बसवला. चिपसेट ९४५ चा नाही, त्यामुळे ४ जीबी पूर्ण दिसते. मिंट एक्सएफसीई टाकून झालं. बटण दाबल्यापासून अर्ध्या मिनिटाच्या आत डेस्कटॉप येतो. आधी तेवढ्यात माझा चहा होऊन जायचा आणि तरी डिस्कचा दिवा लुकलुकतच असायचा.

दोन प्रश्न उरलेत. व्हिडिओ अडखळतो. आणि मराठी टायपिंगसाठी काय करू?

कळफलक

व्हिडिओचं कारण सोपं आहे. यूट्यूब आता व्हीपी९ नाहीतर एव्ही१ या दाबलेल्या प्रकारांत व्हिडिओ पाठवतं. ते उलगडायची सोय तुमच्या ग्राफिक्समध्ये नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. फायरफॉक्समध्ये एच२६४इफाय (h264ify) हे एक्स्टेन्शन टाका, म्हणजे व्हिडिओ एच.२६४ या जुन्या प्रकारात मागवला जाईल. तो उलगडायला बराच हलका. आणि ४८०पी वर ठेवा, त्या पडद्यावर फरक फारसा कळत नाही. आणखी हलकं हवं असेल तर व्हिडिओ ब्राउझरबाहेर, एमपीव्ही या प्लेअरमध्ये लावा.

व्हिडिओ कॉलमध्ये मात्र यंत्राला उलगडणं आणि गुंडाळणं दोन्ही एकाच वेळी करावं लागतं. तुमच्या दोघांचा कॉल ३६०पी वर नीट होईल. आठ जणांच्या चौकटी एकत्र दिसणारा कॉल या यंत्राकडून होणार नाही, कुठलंही लिनक्स टाका. त्यासाठी आईने फोनच वापरलेला बरा.

दीपमाळ

मराठीचं मी सांगते, रोज लिनक्सवर मराठीतच लिहिते.

आधी फाँट. मिंटमध्ये देवनागरी दिसेल, पण अँटीएक्स किंवा पपीसारख्या आटोपशीर प्रतीत काही वेळा मराठीच्या जागी रिकामे चौकोन येतात. बिघाड काही नसतो, फाँट नसतो. लोहित देवनागरी किंवा नोटो सान्स देवनागरी टाका. फाँट टाकल्यावर 'क्ष', 'र्‍या', 'ट्ट' आणि 'ऱ्हस्व' लिहून बघा. जोडाक्षरं जुळली म्हणजे काम झालं.

टायपिंगचे दोन मार्ग आहेत आणि जुन्या यंत्रावर त्यातली निवड महत्त्वाची आहे. आईला इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची प्रमाण कीबोर्ड मांडणी) येत असेल तर काहीही टाकावं लागत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये दुसरा लेआउट म्हणून देवनागरी जोडा आणि बदलायला ऑल्ट-शिफ्ट ठरवा. हे एक्स या पडदा-कीबोर्ड सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या आतच असतं, मागे वेगळा प्रोग्रॅम चालत नाही, रॅम लागत नाही. इंग्रजी अक्षरांवरून उच्चाराप्रमाणे लिहायची सवय असेल तर आयबस हा टायपिंगचा प्रोग्रॅम आणि त्यासोबत एम१७एन या संचातले मराठी लेआउट टाका. आयबस मागे चालू राहतो, पण ४ जीबीवर तो खुशाल चालू द्या.

नेटबुकसाठी मात्र आग्रहाने सांगते, इन्स्क्रिप्ट शिका. पंधरा दिवस बोटं अडतात. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, ही मांडणी एकदा बोटांत उतरली की पाटीवर लिहिल्यासारखं वाटतं. आणि ते जगातल्या कुठल्याही यंत्रावर तसंच्या तसं मिळतं.

शून्य_एक

दीपमाळ, वाचनखूण साठवली. मी इतकी वर्षं ३२-बिट यंत्रावर आयबस चालवत होतो.

उंबरठा

आईला शाळेत टंकलेखन यंत्रावर मराठी शिकवलं होतं, इन्स्क्रिप्ट येत नाही, पण उच्चाराचं तिला दहा मिनिटांत जमलं. तेच ठेवलंय. एच२६४इफायने व्हिडिओ सुधारला, काल आमचा अर्ध्या तासाचा कॉल झाला आणि एकदाही तुटला नाही.

आता नेटबुक. अँटीएक्स २३ ची ३२-बिट प्रत टाकायला घेतली. पडदा १०२४ बाय ६००, आणि इन्स्टॉलरमधल्या एका खिडकीची खालची बटणं पडद्याच्या खाली गेलेली. पुढे जाता येईना. ऑल्ट दाबून ठेवून खिडकीत कुठेही माउसने धरलं की खिडकी वर ओढता येते, पडद्याच्या बाहेरसुद्धा. ही युक्ती कोणीतरी आधी सांगितली असती तर फार बरं झालं असतं, म्हणून इथे लिहून ठेवतो.

वाय-फाय आलं नाही. ब्रॉडकॉमचं कार्ड आहे, त्याचं फर्मवेअर (कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) वेगळं उतरवावं लागतं आणि उतरवायला नेट हवं! शेवटी फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं, नेटबुकला फोनचं नेट लगेच मिळालं, बी४३ या ड्रायव्हरचं फर्मवेअर उतरवलं आणि वाय-फायचा दिवा लागला.

सुरू झाल्यावर १७० एमबी. लिहायला माउसपॅड हा साधा टेक्स्ट एडिटर टाकलाय. उडतं.

पानगळ

छान झालं! नेटबुकवर ब्राउझर कोणता ठेवलात?

कळफलक

त्यावरून आठवलं, हे नेटबुकवाल्या सगळ्यांसाठी. क्रोमने ३२-बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं. फायरफॉक्सची ३२-बिट लिनक्सची नेहमीची आवृत्ती १४४ वर थांबली. जास्त काळ सांभाळल्या जाणाऱ्या ईएसआर १४० ला किमान सप्टेंबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या आहेत, असं मोझिलाने जाहीर केलेलं आहे. एमएक्स लिनक्स २५ आणि एलएमडीई ७ (मिंटची थेट डेबियनवरची आवृत्ती) हेही आता फक्त ६४-बिट. म्हणजे सिस्टमच्या आधी ब्राउझर म्हातारा होणार. ३२-बिट यंत्रावर बँकेचं काम यापुढे करूच नका.

उंबरठा

पानगळ, फायरफॉक्स ईएसआर टाकून पाहिला. एक बातमीचं पान उघडायला पाऊण मिनिट, दुसरा टॅब उघडला की स्वॅप सुरू. दोष अँटीएक्सचा नाही, १ जीबीचा आहे. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलेलं हे मला नेटबुकवर खरं कळलं.

त्यामुळे कळफलकचा प्रतिसाद वाचायच्या आधीच मी ब्राउझर काढून टाकला होता. आता त्यात माउसपॅड, एक शब्दकोश आणि दीपमाळने सांगितलेला इन्स्क्रिप्ट एवढंच आहे. वाय-फाय महिन्यातून एकदा अपडेटपुरतं चालू करतो, मग बंद. लिहिलेलं पेनड्राइव्हवर घेऊन लॅपटॉपवर नेतो. बॅटरी अडीच तास टिकते. इन्स्क्रिप्टचा आज सहावा दिवस, 'ज्ञ' अजून शोधावा लागतो.

दीपमाळ

शिफ्ट धरून पाचचा आकडा दाबून बघा. तुमच्या लेआउटवर तिथे नसेल तर ज, हलन्त, ञ असं लिहा, कुठल्याही लेआउटवर जमतं.

उंबरठा

ज्ञ. जमलं, आभार. हलन्ताने लिहिला.